खुरपणारीचं तोंड

शेवटचं साधं काम आमी दोघांनी मिळून केलं ते मेथी निवडायचं. रविवारची दुपार होती. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून दोन जुड्या सोडल्या होत्या. ती पानं खुडत होती, मीही खुडत होतो, आणि मधनंच ती माझ्या ढिगातनं एखादी काडी उचलून माझ्यासमोर धरत होती.

"ही कुणी खायची? बैलानं?"

"बैल हायत कुठं आता," मी म्हणलं.

"म्हणून तुमी खाणार व्हय?"

असं आमचं चाललं होतं. पण खरं भांडण मेथीचं न्हवतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शिल्पबागेतली खुरपणारी बाई फोडायची ठरली होती. ती सिमेंटची बाई मी केलेली, आणि बायकोला समोर बसवून केलेली. ती वाचवायची एकच वाट होती आणि त्या वाटेला बायको न्हाय म्हणत होती. मी व्हय म्हणत होतो. मला नुसती मूर्ती वाचवायची न्हवती. बागेच्या ठेकेदाराला खाली बघायला लावायचं होतं. हे तिला कळत होतं, म्हणून ती जास्तच न्हाय म्हणत होती.

मेथी झाली. तिनं देठं शेळीपुढं टाकली, कागद झटकला, "जरा पडते" म्हणाली आणि आत गेली. चार वाजता मी चहा टाकला आणि हाक मारली. तिनं ओ दिली न्हाय.

आता हे पहिल्यापासनं सांगावं लागंल, न्हायतर मी पुढं काय केलं ते कुणाला पटायचं न्हाय.

मी गवंडी. गाव पणदऱ्याच्या बाजूचं, शाळा चौथीपर्यंत. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. लग्न झाल्यावर आमी जळोचीला येऊन राहिलो, कारण बारामतीत बांधकामं निघत होती आणि जळोचीत खोली स्वस्त होती. मी भिंत चढवायचो, ती घमेलं वाहायची. आमी बौद्ध. छप्पन सालानंतर तिच्या बापानं घरातले देव टोपलीत घालून नीरेत सोडले. येताना त्यानं टोपली पण नदीतच टाकली, कारण घरातल्या बायका भ्याल्या होत्या, टोपली परत आणली तर देव तिच्यात बसून मागं येतील म्हणून. हे ती हसून सांगायची. पण हसत असली तरी त्या बाबतीत लई कडक होती. सगळ्या आयुष्यात तिनं एकदाबी देवापुढं हात जोडले न्हाईत. शेजारपाजारच्या बायका वाईट मानायच्या, तरी न्हाय.

जळोचीच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. कुसळ आणि घायपात, दुसरं काय न्हाय. तो माळ एका संस्थेनं घेतला आणि तितं शिल्पबाग करायची ठरवली. चित्रकलेचे एक सर होते, हडकुळे, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी कागदावर बारा माणसं काढली. मोट हाकणारा, कुंभार, लोहार, जात्यावरची बाई, खुरपणारी बाई, असे. म्हणाले, "गवंडीदादा, ही कामं आपल्या डोळ्यांदेखत जाणार आहेत. जायच्या आधी सिमेंटमध्ये धरून ठेवू." मी म्हणलं, मला भिंत येती, माणूस येत न्हाय. ते म्हणाले, माणूस मला येतो, सिमेंट येत नाही. मग जमलं.

आधी सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी, जाळीवर गिलावा, मग थापीनं आणि शेवटी बोटानं घोटायचं. वर्ष-दीड वर्ष आमी तितं काम केलं. खुरपणारीसाठी कुणाला बसवायचं म्हणून सरांनी आजूबाजूला बघितलं आणि घमेलं घेऊन येणाऱ्या माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जरा खुरपायला बसता का?" तिनं घमेलं ठेवलं, पदर खोचला आणि उकिडवी बसली. खुरपं डाव्या हातात.

सर म्हणाले, "उजव्या हातात घ्या. लोक म्हणतील आमचं चुकलं."

"मी डावरी हाय," ती म्हणाली. "उजव्यानं खुरपलं तर तणासंगं पीक बी जाईल. मग लोक काय म्हणतील?"

तसा डावा हात राहिला. त्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी मोडलेली आणि तशीच जुळलेली. ती पण मी तशीच केली.

तोंड मात्र पयलं सरांनी केलं. लांब मान, बारीक नाक. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ही खुरपायला आली का शिनेमाला?" सरांनी थापी खाली ठेवली. मग हसले आणि मला म्हणाले, तुम्हीच करा. मी ते तोंड फोडून काढलं. पण बाकीचं डोकं, पदर, सगळं पक्कं झालेलं. म्हणून वेगळ्या जाळीवर जमिनीवरच तोंड केलं, मुखवट्यासारखं, आणि तारेनं मागच्या सळईला बांधून पदराच्या कडेनं सांधा भरून टाकला. घोटल्यावर सांधा दिसत न्हवता. तो कुठनं कुठं जातो ते सरांना आणि मला ठाऊक. ते तोंड म्हंजे तीच. जाड भुवया, पसरट नाक, आणि ऊन डोळ्यावर आल्यावर ती करायची तसा एक डोळा बारीक. मी आयुष्यात लई घरं बांधली. त्यातलं एकबी मला आठवत न्हाय. ते तोंड आठवतं.

एकवीस दिवस तिनं त्याला पाणी मारलं. ओली बारदानं गुंडाळायची, उन्हात वाळली की परत ओली करायची. बिगारी चेष्टा करायचे, "वहिनी, स्वतःला आंघोळ घालताय, पाठ चोळा की." ती म्हणायची, "पाठ चोळायला गवंडी हाय माझा."

बाग उघडली तवा तिकीट न्हवतं, कुंपण न्हवतं. शाळांच्या सहली यायच्या. पण मला आवडायचे ते म्हातारे शेतकरी. धोतराचा सोगा वर धरून एकेका मूर्तीभवती फिरायचे आणि चुका काढायचे. एक जण म्हणाला, मोटेचा नाडा उलट्या अंगानं आलाय, अशी मोट हाकली तर बैल विहिरीत जाईल. दुसरा म्हणाला, ह्या बैलाचं वशिंड खिल्लारी आणि शिंगं म्हशीची, हा बाजारात कुणी घेणार न्हाय. सर रागवायचे न्हाईत. वहीत लिहून घ्यायचे आणि पावसाळा सरला की आमी दोघं जाऊन दुरुस्त करायचो. दर वर्षाचा तो नेम झाला होता. मोटेचा नाडा तीन वेळा बदलला, कारण तीन गावच्या तीन पद्धती. खुरपणारीत मात्र कुणाला चूक सापडली न्हाय. एक म्हातारी तिच्या शेजारी उकिडवी बसली, बघितलं आणि म्हणाली, "बया, एवढी वाकलीय, हिची कंबर धरणार." बायको मागंच उभी होती. म्हणाली, "धरलीच हाय."

मग सर निवृत्त झाले आणि त्यांच्या गावाकडं गेले. पुढं वारल्याचं कळलं. वही कुठं गेली कुणास ठाऊक. दुरुस्ती थांबली. बैलाचं एक शिंग पडलं, ते कुणी उचलून ठेवलं न्हाय. लोहाराच्या भात्यात साळुंक्यांनी घरटं केलं. जोडपी यायची, मूर्तीच्या पाठीवर नावं कोरायची. आमी रविवारी जायचो. ती डबा घेऊन खुरपणारीजवळ बसायची आणि तिच्या पायातलं तण उपटायची. म्हणायची, "एवढी वर्षं खुरपती आणि स्वतःच्या पायातलं निघंना हिच्याच्यानं."

तसं राहिलं असतं तरी मला चाललं असतं. पडीक जागेचा मला राग येत न्हाय. राग आला तो जागा सुधारली तवा.

संस्थेनं बाग ठेकेदाराला चालवायला दिली. बारामती वाढत वाढत माळापर्यंत आली होती, आजूबाजूला बंगले, सोसायट्या. ठेकेदार तरणा होता, पांढरा शर्ट, पांढरे बूट. त्यानं कुंपण घातलं, फाटक लावलं, तिकीट लावलं. फायबरचा डायनासोर आणला, तो डरकाळी फोडतो. फायबरचा गोरिला आणला, तो छाती बडवतो. मोटकऱ्याला काढून तितं पत्त्यातल्यासारखा मोठा लाल बदाम उभा केला, त्याच्यासमोर लोक फोटो काढतात. कुंभाराचं चाक सपाट आणि सोयीचं, म्हणून त्यावर कचऱ्याचा डबा बसवला. आणि राहिलेल्यांना ऑइलपेंट मारला. बैल सोनेरी. लोहार रुपेरी. खुरपणारीला रंगाऱ्यानं गोरीपान केली, ओठ लाल, लुगडं हिरवंगार, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

बायकोनं बघितलं तवा ती हसली. एवढी हसली की खाली बसली. "जन्मभर काळी म्हणून हिणवलं सगळ्यांनी," म्हणाली, "आता मेल्यावर गोरी होणार मी."

मला हसू आलं न्हाय. तवापासनं तो माणूस माझ्या डोक्यात बसला.

त्या रंगवलेल्या कुंकवानंच पुढचं सगळं झालं. बागेला लागून एका शेतकऱ्याचं वांग्याचं रान हाय. त्या घरची सून रोज पहाटे वांगी तोडून मार्केटला धाडती. कुंपणाला तिच्या बाजूनं फट होती, तितनं ती आत यायची, झाडाखाली डबा खायची. खुरपणारीच्या कपाळावर कुंकू बघून तिनं एक दिवस आपल्या डबीतली चिमूटभर हळद लावली. सहज. त्या हंगामात तिच्या वांग्याला चांगला भाव लागला. झालं. दुसऱ्या वर्षी तिनं खण ठेवला. मग आणखी बायका आल्या. कुणाची म्हैस गाभण राहिली, कुणाच्या लेकाला नोकरी लागली. आमच्या भागात देवी व्हायला एवढं पुरतं.

बायको दर रविवारी जाऊन सगळं पुसून काढायची. वांगीवाली आणि तिची त्यावरनं रोजची झकाझकी.

"मी जिती हाय अजून," बायको म्हणायची. "जित्या माणसाला फुलं वाहतात व्हय?"

"काकी, तुमाला कुठं वाहतो? हिला वाहतो."

"मग ही कोण हाय?"

"ते तुमी आणि ती बघून घ्या. आमाला वांग्याशी मतलब."

मग दोघी हसायच्या आणि वांगीवाली तिला चार वांगी द्यायची. ती घरी आणायची आणि म्हणायची, ही माझ्याच प्रसादाची वांगी, खावा.

गेल्या हिवाळ्यात तिचं दुखणं वाढलं. छाती भरायची. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. तरी एका रविवारी ती म्हणाली, जाऊन येऊ. तिकीट काढून आत गेलो. ती खुरपणारीजवळ बसली आणि गालावरचा रंग नखानं खरवडायला लागली. एक पोपडा निघाला, खाली काळं सिमेंट दिसलं. तेवढ्यात ठेकेदार आला.

"ओ आजी, हात नाही लावायचा. रंग गेला तर कोण देणार?"

"अरे बाबा, ही मीच हाय," ती म्हणाली. लाजत म्हणाली. तिला वाटलं त्याला मौज वाटंल.

"तुम्ही?"

"व्हय. ह्यांनी केलीय, मला बसवून. हे बघ." तिनं डावा हात पुढं केला, वाकडी करंगळी मूर्तीच्या करंगळीला लावली.

त्यानं मोबाइल काढला. "परत सांगा आजी, इकडं बघून. ही कोण?"

ती परत म्हणाली. "मीच हाय."

"पुरावा काय?" तो म्हणाला आणि हसला. मागं फिरायला आलेली माणसं हसली. डायनासोरनं डरकाळी फोडली आणि ती आणखी हसली. मी म्हणलं, "बंद कर ते." तो म्हणाला, "आजोबा, चिडताय कशाला, फेमस होतील त्या."

फेमस झाली. चार दिवसांत वांगीवालीनं तिच्या मोबाइलवर दाखवलं. खाली गाणं लावलेलं, हसणारी तोंडं चिकटवलेली. बायकोनं सगळं बघितलं. मग म्हणाली, "पदर तरी नीट दिसतोय." मोबाइल परत दिला आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. त्यानंतर ती बागेत गेली न्हाय. मी जाऊ या म्हणलं तर म्हणायची, कंबर दुखती. कंबर तिची तीस वर्षं दुखत होती.

त्या दिवसापासनं मी मनात त्याला किती प्रकारे मारला ते लिहीत न्हाय. लाज वाटत न्हाय त्याची, पण लिहीत न्हाय.

आणि मग मेथीच्या आधीच्या आठवड्यात वांगीवाली निरोप घेऊन आली. बागेत खाऊगल्ली होणार, चाट आणि पिझ्झाची दुकानं. खुरपणारी मधी येती. सोमवारी सकाळी ब्रेकर लावून फोडणार. मी ठेकेदाराकडं गेलो. म्हणलं, फोडायचीच हाय तर मला द्या, मी उचलून नेतो. तो मोबाइलमधनं वर न बघता म्हणाला, "आजोबा, संस्थेची मालमत्ता आहे, अशी वाटता येत नाही." म्हंजे फोडता येती, देता येत न्हाय.

वांगीवालीनंच वाट सुचवली. आमच्या ओट्यावर बसून बायकोला म्हणाली, "काकी, तुमी फक्त पुसू नका. रविवारी आमी दहा-बारा जणी येतो, शेंदूर चढवतो, नारळ फोडतो. सोमवारी बघू कोण ब्रेकर लावतो. तो ठेकेदार स्वतः गाडीला लिंबू-मिरची बांधून फिरतो."

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. ठेकेदाराची खाऊगल्ली आणि मधोमध देवी. फोडता येईना, हलवता येईना, जन्मभर डोळ्यापुढं.

बायको म्हणाली, "न्हाय."

"का पण?" मी विचारलं.

"माझ्या बापानं देव सोडले. देवाची टोपली बी सोडली. आणि तुमी मला धरून टोपलीत घालता व्हय? माझं तोंड हाय ते. माझ्या तोंडाला शेंदूर न्हाय लागणार."

"फोडतील गं ते."

"फोडू द्या. सिमेंट हाय. मी हाय का न्हाय हितं?"

आठवडाभर तेच. वांगीवाली बायकोच्या शब्दाबाहेर जायला तयार न्हवती. रविवारी मेथी निवडताना मी शेवटचं बोललो. "तुझ्यावर हसला तो. मला सहन होत न्हाय." ती म्हणाली, "माझ्यावर हसला. मला सहन झालं. तुमचं काय गेलं?" मग माझ्या ढिगातली एक काडी उचलून दाखवली. त्यानंतर आमी त्यावर बोललो न्हाय.

चार वाजता गेलेली कळली. लेक इंदापूरहून आली, शेळगावची माणसं आली. संध्याकाळी सहाच्या सुमारास नेली. वंदना झाली. ठेकेदाराचा विचार माझ्या डोक्यात सरणाजवळ उभा असताना पण होता. हे कुणाला चांगलं वाटणार न्हाय. पण होता. ती जळत होती आणि मी सोमवारचा विचार करत होतो.

मी तिच्या शब्दाचा विचार केला. गवंड्याला एक सवय असती, काम कुठं अडलं की ते कुठं जोडलंय ते बघायचं. तिनं काय म्हणलं होतं? माझ्या तोंडाला शेंदूर न्हाय लागणार. बरं. तिचं तोंड कशानं जोडलंय ते मला ठाऊक होतं.

सकाळी उजाडायच्या आत उठलो. घरात माणसं झोपलेली होती. हत्याराच्या पिशवीतनं छन्नी, हातोडा आणि लोखंड कापायची करवत घेतली. वांग्याच्या रानातनं गेलो. वांगीवाली तोडणीला लागली होती. मला बघून उभी राहिली. तिला कळलं होतं सगळं, आदल्या संध्याकाळी मातीला आली होती.

"आबा, आज? काल काकी गेली आणि आज तुमी..."

"शेंदूर हाय घरात?"

"हाय. पण काकी न्हाय म्हणाल्या होत्या."

"तिच्या तोंडाला न्हाय म्हणाली होती. तू शेंदूर आण. बायका आण. मला थोडा वेळ दे."

फटीतनं आत गेलो. पदराच्या कडेनं सांधा चाचपला, ऑइलपेंटखाली बोटाला लागला. बारीक छन्नी घेतली आणि हलक्या हातानं फिरत गेलो, उजव्या कानापासनं वर, कपाळावरनं, डाव्या कानापर्यंत, मग हनुवटीखालनं. तारा गंजल्या होत्या, चार ठोक्यात तुटल्या. तोंड सबंध हातात आलं. डाव्या कानाचा टवका उडाला तेवढाच. मग मनगटावरची सळई कापली आणि डावा हात काढला, खुरप्यासकट. दोन्ही माझ्या उपरण्यात गुंडाळून पिशवीत घातलं. मागं राहिला पदर घेतलेला, वाकून बसलेला एक गोळा. पुढं नुसती खळगी.

वांगीवाली सात-आठ बायकांना घेऊन आली आणि बघत राहिली.

"आबा, हिचं तोंड..."

"आता ती हितं न्हाय," मी म्हणलं. "आता तुमाला काय करायचं ते करा."

तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं न्हाय. तेलात कालवलेला शेंदूर तिनं दोन्ही हातांनी थापला. खळगी भरली, पदर भरला, हिरवं लुगडं दिसंनासं झालं. वाटंवर माळावर असतात तसा तांदळा झाला, ना नाक ना डोळा. हे पूर्वीच्या मूर्तीपेक्षा जास्त देवीसारखं दिसत होतं. बायको तितं असती तर तिनं मला त्याच हातोड्यानं हाणलं असतं. शब्द पाळला म्हणून सांगून मी सुटलो नसतो. तिला माझी गवंडीगिरी कळायची.

नऊच्या सुमारास ठेकेदार आला. संगं पिकअपमधी ब्रेकर आणि दोन मजूर. मजुरांनी लांबनंच बघितलं आणि चपला काढल्या. ते बघूनच मला आत कुठंतरी गार वाटलं.

"हे काय? हे कुणी केलं?" ठेकेदार ओरडला. "हिचं तोंड कुठं गेलं?"

"देवीला तोंड लागत न्हाय," वांगीवाली म्हणाली.

"काल तर होतं!"

"काल ती बाई होती."

तो मजुरांकडं वळला. "चालू करा रे." एकानं कानाला हात लावला. दुसरा म्हणाला, "शेठ, आमच्या घरात लेकरंबाळं हायत." तो आणखी चिडला, स्वतः ब्रेकरला हात घालायला निघाला. तवा एक म्हातारी बाई उठली. मी तिला ओळखत न्हवतो. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या बाबांची बायको काल दुपारी गेली. हिच्यावरनंच केली होती म्हणं ही. काल ती गेली आणि आज सकाळी हिचं तोंड गेलं. लाव आता हात."

हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. तिचं तिनं जुळवलं. मी तोंड उघडून खरं सांगू शकत होतो. पिशवी माझ्या खांद्याला होती, तिच्या वजनानं खांदा खाली गेला होता. मी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. त्यानं ओळखलं मला. त्याचा चेहरा उतरला. "आजी गेल्या?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो गोळ्याकडं बघत राहिला. मनगटात त्याच्या तीन-चार रंगाचे गंडे होते, ते तो बोटानं फिरवत होता. वांगीवालीनं नारळ त्याच्या हातात दिला.

त्यानं पांढरे बूट काढले. मोजे पण काढले. मुरमावर अनवाणी चार पावलं चालला, त्याचे पाय मऊ, टोचत होतं त्याला. नारळ फोडला. पाणी त्याच्या शर्टावर उडालं. मग तो वाकला, गुडघे टेकले, कपाळ खाली लावलं. मला त्याची मान दिसत होती. जेवढा वेळ तो खाली होता तेवढा वेळ मी ती मान बघितली, घाई केली न्हाय. तो कुणापुढं वाकला होता ते मला ठाऊक होतं. सळई, जाळी, सिमेंट आणि शेंदूर. ती माझ्या पिशवीत होती आणि तिच्यापर्यंत त्याचं कपाळ पोचलं न्हवतं. पोचू द्यायचंच न्हवतं मला.

तो उठला तवा कपाळाला मुरूम चिकटला होता. मजुरांनी ब्रेकर परत पिकअपमधी चढवला. मी फटीतनं वांग्याच्या रानात उतरलो आणि बांधाबांधानं घरी आलो. ओट्यावर माणसं बसली होती, लेक रडवेली होऊन दारात उभी होती.

"आबा, कुठं गेला होता सकाळी सकाळी? सगळे शोधतायत."

"कामावर," मी म्हणलं, आणि पिशवी आत नेऊन ठेवली.